थोरलीचे दोन दात

बांबू चिरताना थोरलीचे पुढचे दोन दात गेले, तेव्हा आवाज बांबूचाच झाला असं सगळ्यांना वाटलं. सुका बांबू चिरताना कधी कधी फट्‌ करून असा वाजतो. नवरा पाटीचं बूड विणत होता, त्याने मान वर केली नाही. सासू भिंतीला पाठ टेकून टोपलीचा काठ वळत होती, ती एवढंच म्हणाली, "गाठ लागली वाटतं."

थोरलीने कामटी खाली ठेवली, पंजा तोंडावर दाबून धरला आणि अंगणात जाऊन थुंकली. मातीत रक्त पडलं आणि त्यात दोन पांढरे तुकडे.

"अहो," ती म्हणाली. पुढचं बोलणं वाऱ्यासारखं फसफसून निघून गेलं.

एके काळी त्या गल्लीत घराघरात बांबू चिरला जायचा. फळांचा हंगाम जवळ आला की उजाडायच्या आत चर्र चर्र सुरू व्हायचं, आणि तो आवाज ऐकत पोरं पांघरुणात पुन्हा झोपी जायची. आता तीनच घरं उरली होती. बाकीची वीटभट्टीवर गेली, कुणी शहरात. धाकटी जाऊ आणि दीर शहरात गेले त्यालाही बरीच वर्षं झाली, तरी हिचं नाव थोरलीच राहिलं. घरात आता नवरा, सासू आणि ती. तिघांचं पोट टोपल्यांवर, आणि टोपल्या थोरलीच्या तोंडावर.

कारण जाड कामटी कुणीही काढतो. तिचे पातळ, लवचिक पदर काढायचे तर दोन हात पुरत नाहीत. सुरीने टोकाला फट पाडायची, वरचा पदर दातांत धरायचा, खालचा डाव्या हाताने ओढायचा आणि उजव्या हातातली सुरी मधून चालवत न्यायची. मान जराशी मागे, हात जरासा पुढे. तोंड, हात आणि सुरी तिघं एका तालात आले की कामटी केळीच्या सालीसारखी सुटते. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूने तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं होतं, बाजारात बैलाचे दात पाहतात तसं. "चांगले आहेत," म्हणाली होती. "कामाचे आहेत." तेव्हा थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता सासूच्या तोंडात एकच दात होता, आणि नवऱ्याचे पुढचे तंबाखूने केव्हाच खाल्ले होते.

तिने दुसऱ्या बाजूच्या दातांनी करून पाहिलं. कामटी तिरकी जायची, मध्येच निमुळती होऊन तुटायची. मानेला दुसरं वळण ठाऊकच नव्हतं. शिवाय त्या दातांना जरा कळ आली की ती कामटी सोडून द्यायची. हेही गेले तर?

अंगणात बांबूची रास उभी होती. ती फळवाल्या व्यापाऱ्याने आगाऊ दिलेल्या उचलीतून आणलेली. हंगाम दारात येऊन ठेपला होता.

बाजारातल्या कवळीवाल्याने एक काढ-घालीची पट्टी करून दिली, दोन दात गुलाबी प्लास्टिकवर बसवलेले. चार-पाच टोपल्यांच्या किमतीत काम झालं म्हणून नवरा खूश होता. त्याच दिवशी व्यापारी आला. ओसरीवर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "चालू द्या वहिनी, चालू द्या. मी आपला बघतोय."

थोरलीने फट पाडली, पदर दातांत धरला, डावा हात ओढला. पट्टी कामटीबरोबर सट्‌कन बाहेर आली आणि व्यापाऱ्याच्या बुटापाशी जाऊन पडली.

व्यापारी हसला. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "वहिनी, मी टोपल्या मागितल्या होत्या. दात कशाला देताय?"

नवराही हसल्यासारखं करू लागला. थोरलीने वाकून पट्टी उचलली. मातीने भरली होती. ती धुवायला उठावं की बसून राहावं तिला कळेना. तोंड मिटून ती तशीच बसली.

हसणं ओसरल्यावर व्यापारी शांतपणे म्हणाला, "प्लास्टिकचे क्रेट निघालेत. धुतले की पुन्हा नवे. तुमच्याकडे येतो तो सवयीने हो. आणि सवय काय, मोडायची म्हटलं की मोडते." जाताना त्याने बांबूच्या राशीवर हलकेच थाप मारली, स्वतःच्या जनावराच्या पाठीवर मारावी तशी.

त्या दिवसापासून थोरलीचं जेवणावरचं मन उडालं. बाहेर गाडी थांबली की ती हातातलं काम ठेवून दाराकडे पाहायची.

शहरातल्या दातांच्या डॉक्टरकडे दोघं नवराबायको गेले. काचेचा दरवाजा आणि आत गार हवा. पायातल्या चपला बाहेर काढाव्यात की नाही यावर दोघांची दारातच कुजबुज झाली. डॉक्टरने बॅटरी लावून तोंडात पाहिलं. आजूबाजूचे दोन चांगले दात घासून लहान करायचे आणि त्यांच्या आधारावर पूल बसवायचा, हा एक मार्ग, तो म्हणाला. चांगले दात घासायचे म्हटल्यावर थोरलीने दोन्ही ओठ आत ओढून घेतले. "दुसरा मार्ग पक्का," डॉक्टर म्हणाला. "हाडात स्क्रू बसवायचा आणि त्यावर दात. स्वतःच्या दातासारखा." मग त्याने कागदावर आकडा लिहून कागद त्यांच्याकडे फिरवला.

थोरलीला हजारांत समजत नसे, टोपल्यांत समजे. ती मनात हिशेब करू लागली. पुढचा सगळा हंगाम संपला तरी हिशेब संपेना, मग त्याच्या पुढचाही हंगाम त्यात गेला.

"दोन्हीचे मिळून ना?" नवऱ्याने विचारलं.

"एकाचे."

बाहेर पडताना कंपाउंडर चपलांपाशी आला, जणू काही पडलेलं उचलायला वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "काका, शिकाऊ डॉक्टरांचा मोठा दवाखाना आहे ना, कॉलेजचा, तिकडे जा. इथे एकाला जेवढं लागतं त्यात तिथे दोन बसतील आणि वर बसभाडंही सुटेल. पैसेही दोनदा द्यायचे. स्क्रूच्या वेळी निम्मे, दात चढवायच्या वेळी निम्मे. वेळ मात्र फार लागतो. आणि पोरंच करतात सगळं. एखाद्याचा हात थरथरतो. घाबरायचं नाही."

घाबरायचं नाही म्हटल्यावर थोरली जी घाबरली ती घरी येईपर्यंत बोलली नाही.

"जिवंत माणसाच्या हाडात खिळा?" सासू म्हणाली. "आमच्या वेळी दात गेला की गेला."

"तुझे दात गेले तेव्हा हाताशी सून होती, आई," नवरा म्हणाला. "आता कोण आहे?"

म्हातारीने टोपली पुढे ओढली. पहिले निम्मे पैसे कुठून आणायचे हे विचारावं लागलं नाही, कारण घरात गहाण ठेवण्यासारखी एकच वस्तू होती आणि ती दारातच उभी होती. टोपल्या बाजारात न्यायची हातगाडी. तिसऱ्या दिवशी नवरा ती ढकलत घेऊन गेला आणि खिशात पैसे घेऊन रिकाम्या हातांनी आला. येताना त्याचे हात अजून दांड्या धरल्यासारखे पुढे झाले होते.

कॉलेजच्या दवाखान्यात बाकांवर रांग होती. थोरलीच्या पुढे एक ट्रक ड्रायव्हर होता. पोरांना शिकवणाऱ्या मोठ्या सरांनी त्याचं तोंड पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि परत पाठवला. "तंबाखू सोडून या. असल्या तोंडात स्क्रू टिकत नाही. उगाच तुमचे पैसे जातील." ड्रायव्हर हातापाया पडू लागला, पण सरांनी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं होतं.

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. शिकाऊ डॉक्टरीण वीस-बावीसची पोरगी होती. तिने विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"टोपल्या विणते," थोरली म्हणाली.

"अरे वा! आमच्या आजीकडे होत्या." पोरीने ते लिहून घेतलं. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं. खोटं काही नव्हतं त्यात. विणतच होती ती. चिरतेही, एवढंच राहून गेलं.

स्क्रू बसवताना दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. नाकाखालचा सगळा भाग दगड झाला होता आणि त्या दगडात कुणीतरी यंत्र फिरवत होतं. त्याचा घुर्र आवाज कानातून नाही, डोक्याच्या आतून येत होता. मोठे सर मागे उभं राहून सांगत होते, "सावकाश. हाड तापू देऊ नकोस." आपलं हाड तापतंय आणि ते परक्या माणसांना कळतंय, याची तिला विलक्षण भीती वाटली. तिने खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले.

"झालं, मावशी," पोरगी म्हणाली, तेव्हा तिच्याही कपाळावर घाम होता. "आता हाडाने स्क्रूला धरायला चार महिने लागतील. तोवर त्या जागेवर अजिबात जोर नाही. मऊ खायचं. जरा जरी हलला तर सगळं वाया."

चार महिने म्हणजे नेमका हंगाम. आणि दुसरे निम्मे पैसे हंगामातूनच यायचे होते. ज्या दातांनी कमवायचं, त्या दातांसाठी कमवायचं, आणि तेही दातांशिवाय.

थोरली पायाने चिरू लागली. जमिनीवर बसायचं, कामटीचा पदर उजव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दाबून धरायचा आणि वाकून ओढायचं. दुपारपर्यंत कंबर धनुष्य व्हायची. अंगठ्याच्या बेचक्यात आधी फोड आला, मग चीर पडली, मग ती चीर बुजेनाशी झाली. पूर्वी सकाळी जेवढं व्हायचं तेवढ्याला आता दिवस मावळायचा. नवरा विणलेल्या टोपल्यांची उतरंड डोक्यावर घेऊन बाजारात जायचा. गल्लीतली पोरं म्हणायची, "टोपल्या चालल्या बघा, खाली पाय फुटलेत." पहिल्या दिवशी तो हसला. पुढे त्याला मान वळवताच येईना, म्हणून कोण बोलतंय ते तो पाहीनासा झाला.

पण खरी भीती अंगठ्याची नव्हती, मानेची नव्हती. थोरलीला स्वतःच्या तोंडाची भीती वाटायची. सुरीने फट पडली की तोंड आपोआप उघडायचं. तिने सांगितलेलं नसायचं. जबडा आपला पुढे यायचा, भुकेल्या वासरासारखा. म्हणून तिने नाकाखालून एक फडकं घट्ट बांधायला सुरुवात केली. उन्हात फडक्याखाली घामाने हिरडी खारट व्हायची.

"दरोडेखोर दिसतेस," सासू म्हणायची. पण फडक्याची गाठ सैल झाली की आपल्या हाताने आवळून द्यायचीही तीच.

हंगाम ऐन भरात असताना व्यापाऱ्याचा माणूस निरोप घेऊन आला, परवा गाडी येणार, माल तयार पाहिजे. त्या दुपारी थोरलीने पाणी प्यायला फडकं खाली ओढलं. पाणी प्यायली. कामटी उचलली. नवऱ्याने पदर मागितला, सासूने मागितला, दोघांचे हात रिकामे होते. तिने फट पाडली, पदर खालच्या दातांत आणि वरच्या हिरडीत धरला आणि ओढला.

एका ओढीत कामटी निम्मी सुटली. अगदी पहिल्यासारखी, सालीसारखी. क्षणभर तिला बरंसुद्धा वाटलं. मग हिरडीपासून टाळूपर्यंत कळ गेली आणि तिला कळलं आपण काय केलं ते.

तिने कामटी सोडली. नवऱ्याने वर पाहिलं नाही. म्हातारी मात्र पाहत होती.

"काय गं?"

"काही नाही. बांबूची कूस गेली बोटात."

म्हातारीने तिच्या बोटाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं आणि काठ वळायला घेतला.

त्यानंतर थोरली रोज सकाळी मिठाच्या पाण्याने चूळ भरून ती हातावर घ्यायची आणि तिच्यात लाल दिसतंय का पाहायची. जीभ सारखी त्या जागेकडे जायची. हलतोय? नाही. की हलतोय? तिने जिभेला आवरलं, तर मन तिकडे जाऊ लागलं. ठरल्या वेळी माल गेला, निम्माच, व्यापाऱ्याने नाक मुरडून घेतला. नवरा एकदा जेवताना म्हणाला, "सुटलो बघ. आता दात चढले की पुढच्या हंगामाला गाडीसुद्धा सोडवून आणू." तिने मान हलवली. हातातला घास पुन्हा ताटात ठेवला. हातगाडी गेली, त्याची मान गेली, आणि ते सगळं आपण एका ओढीत घालवलं असलं तर? हे त्याला सांगायचं कोणत्या तोंडाने?

चार महिने भरले. दवाखान्यात नवरा बाहेर बाकावर बसला. दुसरे निम्मे पैसे त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले होते आणि वरून हात दाबून धरला होता, छातीत दुखणाऱ्या माणसासारखा. आत पोरीने हिरडी उघडली, छोट्या दांडीने टक्‌टक्‌ वाजवलं, फोटो काढला. मोठे सर फोटो दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहत राहिले. थोरलीने खुर्चीचे हात धरले.

"झकास," सर म्हणाले. "हाडाने दोन्ही धरलेत."

तिच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. पोरगी हसून म्हणाली, "अहो मावशी, रडताय काय! दात चढले की पहिल्यांदा काय चावणार, सांगा."

"बांबू," थोरली म्हणाली.

पोरगी खळखळून हसली. सरही हसले. थोरली हसली नाही. इतके महिने दाबून ठेवलेलं सुटलं ते सुटलंच. शेजारच्या ट्रेमधली कापडाची पट्टी उचलून तिने दाखवलं, हे असं तोंडात धरायचं, असं ओढायचं, दिवसभर. आणि मध्येच एकदा ओढलं होतं, तेही सांगितलं.

सरांनी खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यासमोर बसले. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही परत पाठवलं असतंत."

"हो," ते म्हणाले. "पाठवलं असतं." मग सावकाश सांगू लागले. खऱ्या दाताखाली देवाने गादी घातलेली असते, तो जरासा दबतो, झोका खातो. याला गादी नाही. हा थेट हाडात रुतलेला. खायला, बोलायला, हसायला जन्मभर पुरेल. "पण बांबू ओढलात तर एक दिवस दात येणार नाही हातात, हाड येईल. एकदा ओढूनही वाचलात ते तुमचं नशीब. पुन्हा नाही. कधीच नाही. समजलं?"

"समजलं," ती म्हणाली.

बाकापर्यंतचा बोळ तिला संपूच नये असं वाटत होतं. नवरा तिला पाहून उठला. मान वळत नव्हती म्हणून तो अख्खा वळला.

"काय म्हणाले?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं. लपवलेलं, ओढलेलं, आणि कधीच नाही म्हणाले तेही. तो खाली बसला. शेजारून एक माणूस गालावर बर्फ धरून गेला.

"चला," ती म्हणाली. "पैसे आहेत ना तुमच्याकडे? गाडी सोडवून आणू. स्क्रू राहू देत आत. कुणाला दिसतात?"

तिला वाटलं, आता ओरडेल. इतक्या वर्षांत ओरडला नव्हता, पण आज ओरडला तर त्याचं चुकणार नाही.

"हे पैसे कशाने आले?" त्याने खिशावरचा हात न काढता विचारलं.

"म्हणजे?"

"दातांनी आले का?"

तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"तुझ्या पायाच्या अंगठ्याने आले. दात नसतानाच आले ना?"

"निम्मा माल झाला अहो. निम्माच."

"मग निम्माच होईल."

"आणि व्यापारी?"

त्याने खिशावरचा हात आणखी घट्ट दाबला. "व्यापाऱ्याचं बघू. क्रेट आणायचे तर आणेल. तुझे दात पुरते बसले म्हणून तो थोडाच थांबणार होता."

"मग दात कशाला?" तिने विचारलं. "कामाचे नाहीत तर कशाला?"

तो तिच्याकडे असा पाहत राहिला, जणू तिने काहीतरी भलतंच विचारलं होतं. "जेवायला," तो म्हणाला. "लोकांना कशाला असतात?"

आणि उठून पैसे भरायच्या खिडकीकडे गेला.

दात तयार होऊन यायला आणखी काही दिवस गेले. ते चढवायचे त्या दिवशी नवरा खोलीच्या दारात उभा राहिला, पोरीने त्याला राहू दिलं. दोन्ही दात बसले. थोरलीने जीभ फिरवली. गुळगुळीत, परके, थंड.

"आता मावशी, वरचे-खालचे नीट टेकतात का बघू," पोरगी म्हणाली. तिने चिमट्यात एक अरुंद, पातळ निळा कागद धरून तिच्या पुढच्या दातांत सरकवला. "धरा. हलकेच धरा हं. मी ओढते."

कागद ओढला गेला आणि थोरलीचे दात त्यावर मिटले. मान जराशी मागे गेली. डावा हात मांडीवरून उठला आणि कागदाच्या टोकाकडे निघाला.

"सोडा," पोरगी म्हणाली.

थोरलीला सोडायचं होतं. ती सोडायला सांगत होती, आतून, सगळ्या जिवानिशी सांगत होती, पण जबडा ऐकेना. सरांचे शब्द कानात होते, हाड येईल. डावा हात कागदापाशी पोचला होता. उजवा हात मुठीत सुरी शोधत होता.

"मावशी, सोडा ना. अहो, मोडेल!"

नवरा आत आला. त्याने तिचा डावा हात मनगटापाशी धरला आणि हळूहळू खाली मांडीवर आणून दाबून ठेवला.

"सोड गं," तो म्हणाला. "सोड. बांबू नाहीये."

मग दात एकमेकांपासून सुटले, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. कागद पोरीच्या चिमट्यात निघून आला. पोरीने वाकून तोंडात पाहिलं, दोन्ही दातांना बोट लावून हलवून पाहिलं.

"पक्के आहेत," ती म्हणाली. तिचाही आवाज बारीक झाला होता.

थोरली तोंड उघडं ठेवूनच बसली. ते मिटायला तिचा धीर होईना. नवऱ्यानेही तिचं मनगट सोडलं नव्हतं.